गेनूमामांची पेशंटगिरी

शेजारच्या फ्लॅटमधली सायली अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचं शिक्षण घेते आहे. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आणि त्याच्या जोडीला हे. परवा ती वर्गातले फोटो दाखवायला आली होती. एका फोटोत टेबलावर कमरेपर्यंतचा रबरी पुतळा झोपवलेला, आणि ही त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देते आहे. "हा आमचा पेशंट, काका," ती म्हणाली. मी विचारलं, हा ओरडतो का? नाही म्हणाली. शिव्या देतो का? बिडी मागतो का? पट्टी बांधता बांधता उठून शेळी शोधायला निघतो का? सायलीने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. काकांची नाडी बघावी की काय, असा विचार तिच्या मनात आलेला मला स्पष्ट दिसला. मग तिला बसवून घेतलं आणि आमच्या पेशंटाची गोष्ट सांगितली. ती गेल्यावर वाटलं, लिहूनच ठेवावी.

आमचा पेशंट म्हणजे गेनूमामा. मूळचे पारनेर तालुक्यातले आणि धंद्याने सोंगाडे. तमाशाच्या फडात उभी हयात गेलेली. बुटके, काटकुळे, धोतर आणि विटलेला लाल पटका. चेहऱ्यात बघण्यासारखं काही नाही, पण खालचा ओठ असा काही लोंबता सोडायचे की शोकसभेतसुद्धा हसू यावं. बहात्तरच्या दुष्काळात गावोगावच्या जत्रा नावापुरत्या उरल्या. माणसांनाच प्यायला पाणी नाही तिथे तमाशा कोण ठरवणार? फड बंद पडला आणि गेनूमामा नगरला माळीवाड्यात भाच्याकडे येऊन राहिले. सगुणामामी गावीच राहिल्या.

त्याच दिवसांत आमच्या कॉलेजात मुळे आडनावाच्या डॉक्टरांनी प्रथमोपचाराचा रविवारचा वर्ग काढला होता. गावंच्या गावं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, तलावांची माती उपसत होती. कुणाच्या डोळ्यात दगडाची कपची जाई, कुणाच्या बोटांवर हातोडा बसे, कुणी उन्हाने भोवळ येऊन पडे. आजच्यासारखी नंबर फिरवला की गाडी येत नसे. यायचा तो ट्रक, आणि तोही मुरूम उतरवून झाल्यावर. तोवर जखमी माणसाला सांभाळायचं कुणी? डॉक्टर म्हणाले, कॉलेजची मुलं सांभाळतील, मी शिकवतो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मैदान दिलं आणि आम्ही पोरंपोरी कापडाच्या पट्ट्या, बांबू आणि घोंगड्या घेऊन जमायला लागलो.

पहिले काही रविवार आम्ही एकमेकांवरच पट्ट्या बांधल्या. हसत-खिदळत. मुली मुलींना, मुलं मुलांना. डॉक्टर वैतागले. असं शिकलात तर पुढेही एकमेकांनाच बांधाल, मला खराखुरा परका माणूस पाहिजे, असं म्हणाले आणि पुढच्या रविवारी गेनूमामांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. कॉलेजने पेशंट म्हणून नोकरीला ठेवलेला माणूस, अशी त्यांची ओळख करून दिली. आम्ही फिस्सकन हसलो. गेनूमामा मात्र गंभीरपणे पटका सारखा करून लिंबाखाली जाऊन आडवे झाले.

पहिलाच प्रसंग असा ठरला होता की खडीच्या कामावर गाडीचं चाक पायावरून गेलं आहे आणि हाड मोडलं आहे. मी, राजूरकडचा बापू आणि लता, अशा तिघांना डॉक्टरांनी पुढे पाठवलं. आम्ही बांबूच्या कामट्या घेऊन वाकलो, तोच मामांनी अशी काही किंकाळी फोडली की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून बघायला लागला. बापूच्या हातातल्या कामट्या खाली पडल्या. आम्ही आपले, मामा पाय हलवू नका, मामा पडून राहा. आणि मामा पायाचं नावच घेत नव्हते. त्यांची शेळी सुटली होती.

"पाय ऱ्हाऊ द्या वो," ते ओरडले, "माजी शेळी बगा आदी. कुनीकडं गेली?"

शेळी नाहीच आहे मामा, हे नाटक आहे, असं बापूने त्यांना हळूच समजावलं. त्याबरोबर मामा मोडक्या पायावर उभे राहिले आणि लंगडत शेळी शोधायला निघाले. आम्ही त्यांना धरून आणलं. ते पुन्हा निघाले. माझ्या शर्टाचं एक बटण त्यात गेलं. शेवटी लता त्यांच्या डोक्याशी बसली आणि म्हणाली, "मामा, शेळी धरली. त्या लिंबाला बांधलीय, पाला खातीय."

मामा तत्काळ निवांत आडवे झाले आणि पाय पुढे करून म्हणाले, बांदा आता. डॉक्टर इतका वेळ हाताची घडी घालून उभे होते. ते एवढंच म्हणाले की ही पट्टी मघाशीच बांधता आली असती. नंतर चहा पिताना लताने मामांना विचारलं, हे शेळीचं तुम्हाला सुचलं कुठून? ते म्हणाले, पडलेल्या मानसाला पाय न्हाई दिसत, हातातनं सुटलेलं दिसतं. त्यांच्या फडातल्या एका बाईचा हात भाजला होता तेव्हा ती हात बघायचं सोडून घुंगरं कुठे आहेत म्हणून रडत होती.

असे एकेक पेशंट त्यांनी आम्हाला दाखवले. बहिरा पेशंट, लाजणारा पेशंट, दुखतं डावीकडे आणि दाखवतो उजवीकडे असा पेशंट. एकदा बाळंतपणाच्या बाबतीतही मदत हवी का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर नको म्हणाले. फक्त एका गोष्टीला मामा ठाम नकार द्यायचे. मेल्याचं सोंग ते घेत नसत.

झालं असं की बुडालेल्या माणसाला पालथा घालून, पाठीवर दाब देऊन श्वास कसा चालू करायचा, ते डॉक्टरांना शिकवायचं होतं. मामांनी नुसतं निपचित पडायचं होतं. मामा उठून बसले. "सगुणा घरी कुंकू लावून बसलीय, डॉक्टर," ते म्हणाले. "फडात बी मी कदी मेल्याचं सोंग घेतलं न्हाई. तेवडं सोडून बोला."

डॉक्टरांनी समजावलं की बुडालेला मेलेला नसतो, तो फक्त श्वास घेत नसतो. मामांना हा फरक पटला नाही. आम्हाला वाटलं डॉक्टर आता चिडतील. ते मांडी घालून मामांसमोर मातीत बसले आणि एखादं शेताच्या बांधाचं भांडण मिटवावं तशी दोघांची बोलणी सुरू झाली. अखेर तोडगा निघाला. मामा पालथे पडतील, डोळे मिटतील, अंग सैल सोडतील, पण उजव्या पायाचा अंगठा हलता ठेवतील. त्यावरून देवालाही कळेल आणि सगुणामामीलाही की गडी जित्ता आहे. तेव्हा बुडालेल्या माणसाचा श्वास परत आणायला आम्ही शिकलो तो अशा माणसावर, ज्याचा अंगठा सारखा हलत होता.

या नोकरीच्या अटीही विचित्र होत्या. पेशंटाने रोज सकाळी कॉलेजात येऊन डॉक्टर देतील ती गोळी घ्यायची. बिडी बंद. मीठ कमी. ओझं उचलायचं नाही, चढ चढायचा नाही. आणि दर रविवारी प्रत्येक विद्यार्थ्याला नाडी मोजू द्यायची. मामा हे सगळं अक्षरशः पाळत. माळीवाड्यातल्या चहाच्या टपरीवर कुणी बिडी पुढे केली तर छाती काढून सांगत, आमच्या खात्यात चालत न्हाई. बिडी मागायची मुभा त्यांना फक्त पेशंट म्हणून होती आणि ती ते पुरेपूर वापरत.

नाडीतली गोम पहिल्यांदा लताच्या बोटांना लागली. ती घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजत होती आणि मध्येच थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. पुन्हा थांबली. मामा तिच्याकडे न बघता झाडावरच्या कावळ्याकडे बघत होते. वर्ग सुटल्यावर ती मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मामांची नाडी मध्येच एक ठोका खाते, म्हणाली.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. त्यांना हे आमच्या आधीपासून माहीत होतं. आता सांगायला हरकत नाही, मुळे डॉक्टर हे तमाशाचे छुपे भक्त होते. दवाखाना बंद करून 'व्हिजिट'ला म्हणून जायचे ते थेट जत्रेत. गेनूमामांचं काम त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं. फड बंद पडल्यावर मामा भाच्याच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले तेव्हा तीन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. डॉक्टरांनी गप्पा मारता मारता हात हातात घेतला आणि सगळं समजलं. औषध घ्या म्हटल्यावर मामा हात सोडवून उठले. सोंगाड्या आजारी आहे असं एकदा बोभाटलं की लोक हसत नाहीत, कीव करतात आणि कुठला फडमालक उभा करत नाही, असं म्हणाले. परत दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

"माझ्याकडे पेशंट म्हणून ते येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले, "म्हणून मी त्यांना पेशंटाची नोकरी दिली. पाऊस पडेल, जत्रा भरतील. तोवर त्यांचं हृदय मला सांभाळायचंय. त्यांना पुन्हा फडात उभं राहायचंय, दुसरं काही नको आहे त्यांना. तेव्हा तुम्ही गप्प राहायचं."

आम्ही गप्प राहिलो. पुढे कळलं की वर्गातला प्रत्येकजणच गप्प होता. ज्याच्या त्याच्या बोटांना तो चुकलेला ठोका लागला होता आणि ज्याने त्याने तो पोटात ठेवला होता. बापूसारखा बापू, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, तोसुद्धा नाडी मोजून झाली की मामांना मोठ्याने सांगायचा, एक नंबर मामा, घड्याळ लावावं तशी. मला त्या वर्गाचा आजही अभिमान वाटतो.

उन्हाळा वाढला आणि आमचं पथक कामांवर पाठवायचं ठरलं. त्याआधी मुंबईहून एक मोठे डॉक्टरसाहेब तपासणीला येणार होते. त्यांनी पसंत केलं तर परवानगी. मैदानावर कनात लागली, खुर्च्या मांडल्या, गावातले लोक जमले. मामांना त्या दिवसाचा एवढा उत्साह की त्यांनी आपल्या फडमालकाला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. आपलं नवं काम दाखवायला. फडमालक पांढऱ्या टोपीत, मिशांना पीळ देत दुसऱ्या रांगेत बसले होते.

सगळं छान चाललं होतं. पाय बांधून झाला, घोंगडीच्या स्ट्रेचरवरून मामांना उचलून आणून झालं, शेळीही सापडली. लोक पोट धरून हसत होते. मग साहेबांनी बापूला नाडी मोजायला सांगितली. बापूने नेहमीसारखं दणदणीत उत्तर दिलं. साहेब म्हणाले, बघू, आणि त्यांनी स्वतः मामांचं मनगट धरलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मनगट सोडलं नाही. मुळे डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. लताने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठले.

"डॉक्टर मुळे, हा मनुष्य आजारी आहे," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हृदयाचा ठोका चुकतोय त्याचा. असल्या माणसाला उन्हात झोपवता तुम्ही?"

हसणं एकदम थांबलं. फडमालक खुर्चीत पुढे सरकून बसले. डॉक्टर काहीतरी बोलायला पुढे झाले. खोटं बोलायचं तर समोर साहेब, खरं बोलायचं तर समोर फडमालक. एवढ्यात स्ट्रेचरवरचे मामा कोपरावर उठले. ओठ लोंबता सोडला.

"सायब, चुकत न्हाई ती," ते म्हणाले. "मी चुकवतो."

साहेबांना कळेना. मामा शांतपणे समजावून सांगायला लागले. ढोलकीवाला कसा ठेका चुकवून लोकांना फसवतो, तशी ही नाडी चुकवायची आमच्या सोंगाड्यांची कला आहे, पोरांना अवघड पेशंट भेटावा म्हणून करतो. साहेब म्हणाले, असं कसं होईल? मामांनी हात पुन्हा पुढे केला. "धरा तर. आनि माज्या भिवईकडं बगा."

साहेबांनी मनगट धरलं. मामा डोळे मिटून, कुठेतरी आत ऐकत बसले. जरा वेळाने त्यांची डावी भुवई टुणकन वर उडाली. साहेब दचकले, ठोका नेमका तेव्हाच चुकला होता. पुन्हा थोडा वेळ गेला, पुन्हा भुवई उडाली. साहेबांनी मान हलवली. तिसऱ्या खेपेला साहेब चक्क हसायला लागले. लोकांनी टाळ्या पिटल्या. फडमालक शेजारच्याला मोठ्याने सांगत होते, आमचा मानूस हाय.

मला ते समजायला वेळ लागला. मामा नाडी चुकवत नव्हते. ती चुकायची तेव्हा त्यांना ती आत लागायची, आणि ते भुवई उडवत होते. म्हणजे किती दिवस, किती रात्री ते ती ऐकत होते. त्यांना सगळं माहीत होतं. गोळी कसली आहे, मीठ का कमी, चढ का नको, आम्ही सगळे दर रविवारी मनगट धरून काय मोजतो, सगळं. मी मुळे डॉक्टरांकडे पाहिलं. ते चष्मा काढून रुमालाने पुसत होते.

संध्याकाळी खुर्च्या उचलताना मी मामांना हळूच विचारलं, माहीत होतं तर इतके दिवस बोलला का नाहीत? मामांनी आधी आजूबाजूला डॉक्टर नाहीत ना ते पाहिलं.

"येवड्या मोठ्या मानसानं माज्यासाटी सोंग उभं केलं," ते म्हणाले. "मी सोंगाड्या हाय, लेकरा. दुसऱ्याचं रंगल्यालं सोंग मी मोडू व्हय? तू बी काय बोलू नगं त्यान्ला."

मी बोललो नाही. डॉक्टरही कधी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाने गोळी देताना म्हणाले, नोकरीची शिस्त आहे बरं का गेनूभाऊ. आणि मामा म्हणाले, व्हय व्हय, शिस्त म्हंजी शिस्त.

पथकाला परवानगी मिळाली. आम्ही कामांवर गेलो, उन्हात करपलो, कामांवर वाटायची ती सुकडी खाल्ली, बऱ्याच लोकांना उपयोगी पडलो. पहिल्याच दिवशी एक बाई भोवळ येऊन पडली. बापू धावत गेला आणि गेल्या गेल्या तिच्या उजव्या पायाकडे बघत बसला. अंगठा हलत नव्हता. बापू रडकुंडीला येऊन ओरडला, गेली, गेली. बाईच्या सासूने हंबरडा फोडला. त्या गोंधळाने बाई शुद्धीवर आली आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागली. लताने तिला सावलीत घेऊन पाणी पाजलं आणि सासूला समजावलं, तेव्हा कुठे बापूचा मार वाचला. हे ऐकून मामा लहान मुलासारखे हसले होते. आणि मग हसू आवरून म्हणाले, पोराला नाकाशी हात धरायला शिकवा, माजं काय खरं हाय.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. फड पुन्हा उभा राहिला आणि फडमालकाने मामांना बोलावून नेलं. नाडी चुकवणारा सोंगाड्या म्हणून त्यांचं नाव आता आणखीच झालं होतं. डॉक्टरांनी निरोप देताना गोळ्यांची बाटली हातात ठेवली. पेशंटाची जागा रिकामी ठेवतो आहे, केव्हाही बोलावीन, सवय मोडू नका, असं सांगितलं. मामांनी बाटली कमरेला खोचली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पारनेरकडच्या एका जत्रेत. डॉक्टर 'व्हिजिट'ला निघाले होते, मला बरोबर घेतलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा तमाशा असतो, तो उघड्यावर, लख्ख उन्हात रंगात आला होता. बायकांच्या बाजूला सगुणामामी तोंडात पदर धरून हसत बसल्या होत्या. मामा पाटलाच्या वेषात आले, बढाया मारल्या, पळायला गेले आणि फळीला अडखळून धाडकन पडले. हशा उसळला. मामा उठले नाहीत. ढोलकीवाल्याने हात वर धरून ठेवला. हशा ओसरला, तरी मामा पडलेलेच. तोंड पलीकडे वळलेलं, अंग सैल.

डॉक्टर उभे राहिले. मागचे लोक खाली बसा म्हणून ओरडत होते, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मीही उठलो. एवढे शिकलेले डॉक्टर, पण ते छातीकडे बघत नव्हते की नाकाकडे. त्यांची नजर जिथे होती तिकडेच मी पाहिलं.

मामांच्या उजव्या पायाचा अंगठा आमच्या दिशेने सावकाश हलत होता.